फेकून मारायची हत्यारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि एक-दोन जे विचारायलाच नको होते)

इंदूरला आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) टेबल रविवारी सकाळी बसतं, रामबागेत एका मित्राच्या वरच्या खोलीत, आधी पोहे-जलेबी, मग जीरावनचे हात पुसून डाइस काढायचे असा क्रम. डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा, मी. शनिवारी रात्री साडेअकराला फोनवर जे प्रश्न येतात त्यातले निम्मे स्पेलचे (मंत्रांचे) असतात, पण उरलेल्यात सगळ्यात जास्त कशाचे तर भाला फेकता येईल का, कुऱ्हाड फेकली तर किती लागतं, फेकलेली सुरी परत कशी आणू. दरवेळी तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतोय. नियम पाचव्या आवृत्तीचे. आमच्यात काहींकडे २०१४ चं पुस्तक आहे आणि काहींकडे २०२४ चं, घोळ तिथूनच सुरू होतो, म्हणून जिथे फरक आहे तिथे सांगितलाय. हत्यारांची नावं इंग्रजीच ठेवली आहेत, टेबलावर कुणी 'हस्तकुऱ्हाड' म्हणत नाही.

१. फेकायचं हत्यार म्हणजे नक्की कुठलं? कुठलंही उचलून फेकलं तर?

कुठलंही फेकता येतं, पण ज्याच्यापुढे पुस्तकात 'थ्रोन' (फेकायचं) लिहिलंय तेच नीट लागतं. यादी छोटी आहे. डॅगर (सुरी), हँडॲक्स (छोटी कुऱ्हाड), लाइट हॅमर (हातोडी), स्पिअर (भाला), ट्रायडंट (त्रिशूळ), हे सगळे २०/६० वाले. जॅव्हलिन (फेकायचा हलका भाला) ३०/१२०, म्हणजे सगळ्यात लांब जाणारी. ही सहाच्या सहा मुळात मेले हत्यारं आहेत, म्हणजे हातघाईची (नवीन माणूस पहिल्यांदा 'मेले अटॅक' ऐकतो तेव्हा कोण मेले असं विचारतोच, तो जोक आमच्याकडे झालेला आहे, परत करू नका). सातवा डार्ट, तो वेगळ्या जातीचा, त्याच्यासाठी प्रश्न १२ बघा. आणि जाळं, त्याला १३.

तलवार, खुर्ची, कढई वगैरे फेकायची असेल तर सरळ प्रश्न १४ वर जा.

२. २०/६० म्हणजे काय? दोन आकडे का?

पहिल्या आकड्यापर्यंत साधा रोल. पहिला ते दुसरा यामध्ये डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन डी२० (वीस बाजूंचे फासे; डी४, डी६, डी८ तसेच चार, सहा, आठ बाजूंचे) टाकायचे आणि कमी आलेला धरायचा (ॲडव्हांटेज म्हणजे उलटं, जास्त आलेला). दुसऱ्याच्या पुढे जातच नाही. आकडे फुटांत आहेत आणि मॅटवरचा एक चौकोन ५ फुटांचा, तर २० फूट म्हणजे फक्त चार चौकोन. अंदाज यावा म्हणून सांगतो, क्रिकेटचं पिच ६६ फूट असतं, म्हणजे या खेळात एका स्टंपापाशी उभं राहून हँडॲक्स फेकली तर ती दुसऱ्या स्टंपापर्यंत पोचतच नाही.

यावर हमखास वाद होतो. नीरज चोप्राने टोकियोला ८७.५८ मीटर टाकला होता, म्हणजे जवळजवळ २८७ फूट, आणि आपल्या हिरोचा भाला १२० फुटांवर, साडेछत्तीस मीटरवर, संपतो, हा काय न्याय? न्याय असा की नीरजला पुरेसा धावरस्ता मिळतो, समोर कुणी कुऱ्हाड घेऊन उभं नसतं आणि भाला ठरावीक पट्ट्यात कुठेही पडला तरी चालतो. इथे सहा सेकंदांच्या राउंडमध्ये हलत्या माणसाच्या बरगडीत मारायचाय, तेही चिलखत घालून.

३. स्ट्रेंथ (ताकद) लावायची की डेक्स (चपळाई)? फेकणं म्हणजे रेंज्ड (लांबून केलेला) अटॅक ना?

अटॅक रेंज्डच असतो पण आकडा हत्यार ठरवतं. मेले हत्यार हातात धरून मारताना जे लावता तेच फेकतानाही. जॅव्हलिन, हँडॲक्स, स्पिअर, हॅमर, ट्रायडंट यांना स्ट्रेंथच. डॅगर फिनेसवाला (हलक्या हाताने वापरायचा) आहे म्हणून त्याला दोन्हीतलं जे जास्त ते. आणि हो, तो बोनस डॅमेजमध्येही मिळवायचा, निम्मे लोक हे विसरतात आणि मग 'भाल्याने काही होत नाही भिया' म्हणत बसतात.

४. माझा पॅलाडिन (चिलखतातला धर्मयोद्धा) आहे. लाँगबो घेऊ की जॅव्हलिन?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

लाँगबो मोठा दिसतो, डी८ डॅमेज, १५०/६०० रेंज. पण धनुष्याला डेक्स लागते आणि जड चिलखतातल्या पॅलाडिनची डेक्स बहुतेक वेळा १० असते. पहिल्या लेव्हलचा धरा, स्ट्रेंथ १६ म्हणजे +३, डेक्स १० म्हणजे शून्य, प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +२. समोरच्याचा एसी १५, म्हणजे रोल आणि बोनस मिळून १५ झाले की लागलं. जॅव्हलिन टाकताना +५, म्हणजे डाइसवर १० किंवा वर आला की लागला, ५५ टक्के. डॅमेज डी६+३, सरासरी साडेसहा. धनुष्याला +२, म्हणजे १३ किंवा वर पाहिजे, ४० टक्के, आणि डॅमेज नुसता डी८, सरासरी साडेचार. गुणून बघा, दर टर्नला (राउंडमधल्या आपल्या पाळीला) जॅव्हलिनचे साधारण ३.६ येतात आणि धनुष्याचे १.८. दुप्पट फरक आहे, आणि तो गरीब दिसणाऱ्या काठीच्या बाजूने आहे.

वर किंमत बघा. लाँगबो ५० सोन्याची नाणी, जॅव्हलिन ५ चांदीची, म्हणजे एका धनुष्याच्या पैशात शंभर येतात (शंभर घेऊ नका, प्रत्येकी २ पाउंड वजन आहे, एकाने खरंच विचारलं होतं). धनुष्याला दोन्ही हात लागतात, म्हणजे ढाल उतरवा, आणि ढाल उतरवायला अख्खी ॲक्शन (टर्नमधलं मुख्य काम) जाते. जॅव्हलिन एका हातात मावते.

उलट जिथे डेक्स चांगली आहे, म्हणजे रेंजर (रानातला शिकारी), रोग (चोर जातीचं पात्र), डेक्सवाला फायटर (लढवय्या), तिथे धनुष्य सरळ सरळ पुढे, त्यांनी भाल्याच्या मागे लागू नये. लांबवरचं, १२० फुटांच्या पलीकडचं मारायचं असेल तेव्हाही भाला नाही.

आमच्या टेबलावर झालेलं सांगतो. पॅलाडिन खेळणारी आमची ताई, सुरुवातीला पाच जॅव्हलिन पुस्तकातच मिळतात, तिने त्या 'उगाच ओझं' म्हणून गावात विकल्या. दोन सेशननंतर हार्पी आल्या, त्या वर उडत होत्या, आणि ताई चार राउंड खाली उभी राहून 'मी जोरात ओरडते' एवढंच करत होती. फेकायच्या हत्याराचा उपयोग खरा तिथे आहे. तलवार पोचत नाही अशा टर्नला काहीतरी करता यावं, फुकट जाणारा टर्न वाचावा. ३.६ डॅमेज कमीच आहे, पण ओरडण्याचं शून्य असतं.

५. एका टर्नला किती फेकता येतात? दोन अटॅक असतील तर दोन?

२०१४ च्या नियमांत इथेच सगळे अडकतात. टर्नमध्ये एकच वस्तू फुकट काढता येते, एकच. तर पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक मिळालेला फायटर, एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात जॅव्हलिन आधीच धरलेली. पहिला टर्न, हातातली फेकली, दुसरी काढली, फेकली. छान. दुसरा टर्न, हात रिकामा, एक काढली, फेकली, आणि दुसरा अटॅक शिल्लक पण हातात काही नाही. तिसरा टर्न तसाच. म्हणजे लेव्हल वाढली तरी फेकणारा मागेच, धनुष्यवाला मात्र बाण भात्यातून हवे तितके काढतो कारण बाण काढणं अटॅकमध्येच धरलंय. हे मला कधीच पटलं नाही, पण लिहिलंय तसं लिहिलंय.

२०२० च्या टाशाच्या पुस्तकात (नियमांची पुरवणी) यावर इलाज आला, थ्रोन वेपन फायटिंग नावाची फायटिंग स्टाइल (लढायची खास पद्धत). ती घेतली की फेकायचं हत्यार अटॅकमध्येच काढता येतं आणि वर डॅमेजला +२. फायटर आणि रेंजरला मिळते. आणि २०२४ मध्ये तर 'थ्रोन' या गुणातच लिहून टाकलं की काढणं अटॅकचाच भाग, सगळ्यांसाठी. तेव्हा २०२४ वाले हा प्रश्न विसरून जा, जेवढे अटॅक तेवढे फेका.

आमच्या टेबलावर २०१४ वाल्यांनाही मी हीच सूट दिली आहे. एकानेही गेम मोडला नाही.

६. दोन हातांत दोन हँडॲक्स घेऊन दोन्ही फेकता येतात का?

येतात, आणि पहिल्या राउंडला मजा येते. दोन्ही लाइट (हलकी) मेले हत्यारं आहेत, तर एकीने अटॅक आणि दुसरी बोनस ॲक्शनने (टर्नमधलं जादाचं छोटं काम), नियमात स्पष्ट लिहिलंय की थ्रोन असेल तर मारण्याऐवजी फेकता येईल. दुसरीच्या डॅमेजमध्ये स्ट्रेंथ मिळवायची नाही (टू-वेपन फायटिंग स्टाइल असेल तर मिळवा). मग दोन्ही हात रिकामे, आणि पुढच्या टर्नला परत प्रश्न ५ चा अडसर. म्हणून मी सांगतो, एक फेका आणि पळत जाऊन दुसरीने हाणा.

२०२४ मध्ये डॅगर आणि लाइट हॅमरला 'निक' मास्टरी (हत्याराची खास करामत) आहे, ती ज्याच्याकडे असेल त्याचा तो जादाचा अटॅक बोनस ॲक्शन न खाता होतो. हँडॲक्सला 'व्हेक्स', म्हणजे लागली की त्याच माणसावर पुढच्या अटॅकला ॲडव्हांटेज. आधी हँडॲक्स, मग डॅगर, दोन्ही फेकून. हे फारच गोड कॉम्बिनेशन आहे आणि आमच्या रेंजरने ते शोधल्यापासून तो दुसरं काही करत नाही.

७. ढाल आणि तलवार हातात आहे, आता भाला कसा फेकू?

तलवार खाली टाका, ती टाकायला बहुतेक टेबलांवर काही लागत नाही, मग फुकटच्या काढण्यात जॅव्हलिन काढा आणि फेका. तलवार म्यान करून भाला काढणं २०१४ मध्ये दोन कामं होतात, एका टर्नला बसत नाही. लढाई सुरू होतानाच ढाल आणि जॅव्हलिन धरून चाला, शत्रू जवळ आला की तलवार, हे जास्त सोपं.

ढाल आणि फेकणं यांची जोडी आपल्याला नवीन नाही. गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होतं, तुर्रा आणि कलंगी दोन पार्ट्या, तिथे प्रत्येकाच्या एका हातात ढाल असते आणि खांद्याला हिंगोटांनी भरलेला झोळा. एक हात अडवायला, एक हात फेकायला. पॅलाडिन कसा उभा राहतो ते कुणाला समजत नसेल तर मी त्याचा व्हिडिओ बघायला सांगतो.

२०१४ वाल्या ड्युएलिंग स्टाइलचं पण इथेच सांगतो. एका हातात मेले हत्यार, दुसरं कुठलंही हत्यार नाही, तर त्या हत्याराच्या डॅमेजला +२. हातघाईतच मारायला पाहिजे असं त्यात लिहिलेलं नाही, त्यामुळे ढालवाल्याने फेकलेल्या जॅव्हलिनलाही ते +२ लागतं. ढाल हत्यार धरत नाहीत.

८. रोग आहे. फेकून स्नीक अटॅक (रोगचा जादाचा डॅमेज) होतो का?

डॅगर आणि डार्टने होतो. हँडॲक्स, जॅव्हलिनने नाही. स्नीक अटॅकला फिनेस किंवा रेंज्ड हत्यार लागतं, आणि हँडॲक्स दिसायला कितीही चोरासारखी असली तरी दोन्ही नाही. रेंज्ड 'अटॅक' आणि रेंज्ड 'हत्यार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अर्धे वाद इथले आहेत. फेकलेली हँडॲक्स हा रेंज्ड अटॅक आहे, पण हत्यार मेलेच राहतं.

टाशातला सोलनाइफ रोग असेल तर त्याची सायकिक ब्लेड (मनाने बनवलेली सुरी) ६० फूट जाते आणि मारून झाली की गायब होते, उचलायचा त्रासच नाही.

९. बार्बेरियनच्या (रानटी योद्ध्याच्या) रेजचा, म्हणजे संतापाचा, जादा डॅमेज फेकल्यावर मिळतो का?

२०१४ मध्ये नाही. तिथे शब्द 'मेले वेपन अटॅक' आहे, आणि फेकणं मेले अटॅक नाही. रेकलेस अटॅकचंही (बेफिकीर वार, ज्याने ॲडव्हांटेज मिळतं) तसंच. २०२४ मध्ये दोन्ही ठिकाणी फक्त 'स्ट्रेंथ वापरून केलेला अटॅक' म्हटलंय, तर फेकलेल्या जॅव्हलिनलाही रेजचा बोनस आणि ॲडव्हांटेज दोन्ही. बार्बेरियनसाठी हा फार मोठा फरक आहे.

पण २०१४ वाल्यांनी तरीही जॅव्हलिन ठेवाव्यात, आणि कारण डॅमेज नाही. २०१४ चा रेज तुम्ही शत्रूवर अटॅक केला नाही आणि मारही खाल्ला नाही तर टर्नच्या शेवटी विझतो. आमचा बार्बेरियन, नाव दगडोबा, वायव्हर्नच्या (ड्रॅगनसारख्या उडत्या प्राण्याच्या) खाली उभा होता, ते वरती, याच्याकडे फक्त ग्रेटॲक्स, कुणी याला मारेना आणि याला कुणाला मारता येईना. रेज विझला. पुढच्याच टर्नला वायव्हर्न खाली आलं आणि पूर्ण डॅमेज बसला, रेज असता तर कमी बसला असता. एक जॅव्हलिन हवेत भिरकावली असती, चुकली असती तरी अटॅक केलेला धरला जातो, रेज टिकला असता. चार जॅव्हलिन त्याच्या सुरुवातीच्या सामानात होत्या. कुठे गेल्या विचारलं तर म्हणे तंबूला खांब म्हणून लावल्या.

१०. शत्रू अगदी अंगाला भिडलाय, तेव्हा फेकू का?

नका ना. ५ फुटांत शुद्धीवरचा शत्रू असला की कुठल्याही रेंज्ड अटॅकला डिसॲडव्हांटेज, आणि तुमच्या हातातलं हत्यार तसंही हातघाईचं आहे, भोसका की. धनुष्यवाल्याला इथे अडचण होते, तुम्हाला होत नाही, फेकायच्या हत्याराचा हा मोठा फायदा आहे आणि लोक तो विसरतात.

भिडलेल्याला सोडून लांबच्यालाच मारायचं असेल तर डिसॲडव्हांटेज घ्या. २०१४ ची क्रॉसबो एक्स्पर्ट फीट (खास कौशल्य, फूट नव्हे) असेल तर ते जातं, नाव क्रॉसबोचं असलं तरी त्यातली ती ओळ सगळ्या रेंज्ड अटॅकना आहे. आणि जमिनीवर पडलेल्याला लांबून मारायचं नाही, ५ फुटांच्या बाहेरून डिसॲडव्हांटेज बसतं, जवळ जाऊन ॲडव्हांटेज घ्या.

११. फेकलेलं परत कसं मिळणार?

चालत जाऊन उचलायचं. बाणांचं तसं नाही, लढाईनंतर एक मिनिट शोधलं की वापरलेल्यातले निम्मे सापडतात, निम्मे गेले. फेकलेला भाला मात्र पडला तिथेच असतो, दरीत नाही ना पडला एवढं बघा. लढाईच्या मध्ये उचलायचा तर टर्नची ती एक फुकटची वस्तू खर्च होते.

आपोआप परत यावा असं वाटत असेल तर रस्ते आहेत. आर्टिफिसरच्या (जादूच्या कारागिराच्या) इन्फ्युजनमध्ये (हत्यारात भरलेली जादू) रिटर्निंग वेपन आहे, +१ पण मिळतो आणि फेकून झालं की लगेच हातात. जायंटवाला बार्बेरियन, २०२३ च्या पुस्तकातला, सहाव्या लेव्हलला हातातलं हत्यार २०/६० फेकू शकतो आणि ते परत येतं. ड्वार्व्हन थ्रोअर नावाचा जादूचा वॉरहॅमर आहे, +३, परत उडत येतो, जायंटवर दोन डी८ जास्त, पण २०१४ मध्ये ड्वार्फ (बुटक्या जमातीचा) नसेल तर अट्यून होत नाही, म्हणजे त्याची जादू चालत नाही. आमच्याकडे तो एका एल्फला सापडला होता. त्याने तो तीन महिने पाठीवर वागवला.

आणि आपला स्वतःचा उपाय आहे, विटा. मराठ्यांचा आखूड भाला, मागच्या टोकाला दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाला, फेकायचा आणि ओढून घ्यायचा, मर्दानी खेळात अजूनही करून दाखवतात. पुस्तकात असं काही नाही, पण आमच्या टेबलावर होमरूल आहे: जॅव्हलिनला दोरी बांधली तर रेंज फक्त २० फूट, परत ओढायला तीच टर्नची फुकटची वस्तू, आणि भाला लागलेल्या शत्रूला दोरी धरून तुम्हाला ओढायचा हक्क आहे. शेवटची अट ऐकली की बरेच जण दोरी सोडतात.

१२. डार्ट कुणी घेतं का? डी४ तर आहे.

डार्ट ही गंमत आहे. यादीत तो एकटाच असा की जो रेंज्ड हत्यार पण आहे, थ्रोन पण आणि फिनेस पण. म्हणजे आर्चरी स्टाइलचं अटॅकला +२ डार्टला लागतं, फेकलेल्या डॅगरला नाही लागत. २०१४ च्या शार्पशूटर फीटचं ते अटॅकला -५ घेऊन डॅमेजला +१० करायचं, तेही डार्टला लागतं, जॅव्हलिनला नाही. आणि फिनेस असल्याने स्ट्रेंथनेही टाकता येतो. स्ट्रेंथवाला फायटर, आर्चरी, शार्पशूटर आणि झोळीभर डार्ट, प्रत्येकी ५ तांब्याची नाणी. ऐकायला वेडेपणा आहे पण हिशोब बसतो, फक्त काढायचा प्रश्न (५ बघा) तसाच राहतो.

जुने लोक डार्टचं नाव काढलं की हसतात त्याला कारण आहे. जुन्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत डार्ट एका राउंडला तीन टाकता यायचे.

लक्षात ठेवा, डार्ट लाइट नाही आणि मेले नाही, तर प्रश्न ६ वालं दोन हातांचं काम त्याने होत नाही.

१३. जाळं?

२०१४ मध्ये रेंज ५/१५. म्हणजे ५ फुटांत असाल तर शत्रू अंगाशी म्हणून डिसॲडव्हांटेज, आणि त्याच्या पुढे गेलात तर लांब रेंज म्हणून डिसॲडव्हांटेज. ज्याने हे लिहिलं त्याने कधी खेळून बघितलं नसावं. २०२४ मध्ये जाळं हत्यारांतून काढून सामानात टाकलं, बरं केलं.

१४. तलवार फेकली तर? खुर्ची? कढई?

इम्प्रोव्हाइज्ड, म्हणजे हाताला लागलं ते हत्यार. डी४ डॅमेज, रेंज २०/६०, प्रोफिशियन्सी मिळवायची नाही (टॅव्हर्न ब्रॉलर फीट असेल तर मिळवा). लाँगस्वोर्ड फेकली तरी डी४ च, तिची धार तुम्ही किती वर्णन करून सांगता यावर काही नाही. सराफ्यासारखा रात्रीचा बाजार मी एकदा गेममध्ये घातला होता तर लोकांनी हत्यारं सोडून गरम तेलाच्या कढया फेकायला सुरुवात केली, तेव्हा मी डी४ वर एक डी६ आगीचा दिला. ते माझं मन, नियम नाही.

१५. तेल, ॲसिड, अल्केमिस्ट फायर ही फेकायची हत्यारं आहेत का?

फेकायच्या वस्तू आहेत. २०१४ मध्ये २० फुटांपर्यंत, अख्खी ॲक्शन, इम्प्रोव्हाइज्ड म्हणून डेक्सने रोल. ॲसिड २५ सोन्याची नाणी, दोन डी६. होली वॉटर तितक्याच पैशाला तितकंच, पण फक्त फीन्ड (सैतानी प्राणी) आणि अनडेडवर (मेलेले पण हिंडणारे). अल्केमिस्ट फायर ५० नाणी, दर टर्नला डी४ जळतं जोपर्यंत समोरचा ॲक्शन घालून विझवत नाही, आणि खरा फायदा तोच, त्याची ॲक्शन जाते. तेल एका चांदीच्या नाण्याला, एका मिनिटात त्याला आग लागली तर ५ जास्त, माझ्या मते पैशाच्या मानाने पहिल्या लेव्हलला यापेक्षा चांगलं काही नाही.

हिंगोट गेममध्ये आणायचा हट्ट दर दिवाळीला होतो. फळ पोखरून वाळवायचं, आत बारूद भरायची, वात पेटवून फेकायचं. मी त्याला अल्केमिस्ट फायरचेच नियम लावतो, फक्त रोल १ आला की तो कुठे जाईल ते डी८ टाकून ठरतं. वळून स्वतःच्याच लोकांत जातो कधी कधी, खऱ्या मैदानातही तेच होतं.

१६. पाण्याखाली फेकता येतं?

इथे धनुष्यवाले बसतात आणि तुम्ही उठता. पाण्यात साध्या रेंजच्या पलीकडे हत्याराचा कुठलाही रेंज्ड अटॅक आपोआप चुकतो. रेंजच्या आत डिसॲडव्हांटेज, पण २०१४ मध्ये क्रॉसबो, जाळं आणि भाल्यासारखी फेकायची हत्यारं, म्हणजे जॅव्हलिन, स्पिअर, ट्रायडंट, डार्ट, यांना नाही. लाँगबोला आहे. ओंकारेश्वरचा घाट डोळ्यासमोर ठेवून मी एक बुडालेलं देऊळ बनवलं होतं, तिथे सगळ्या कॅम्पेनमध्ये पहिल्यांदा कुणीतरी ट्रायडंट विकत घेतला.

१७. शत्रू पळतोय, ऑपॉर्च्युनिटी अटॅकमध्ये फेकू? आणि स्माइट (पॅलाडिनचा दैवी वार)?

ऑपॉर्च्युनिटी अटॅक मेलेच असतो, फेकता येत नाही, हातातल्या भाल्याने भोसकता येतं. डिव्हाइन स्माइट २०१४ मध्ये फक्त मेले अटॅकवर, फेकून नाही. २०२४ मध्ये 'मेले हत्याराने लागला तर' असं आहे, तर फेकलेल्या जॅव्हलिनवर स्माइट बसतो. ताईला हे सांगितल्यावर तिने विकलेल्या पाचच्या जागी दहा घेतल्या.

१८. पाथफाइंडरच्या (असाच एक वेगळा खेळ) दुसऱ्या आवृत्तीत पण हेच?

नाही, डोकं रिकामं करून वाचा. तिथे फेकताना अटॅकला डेक्स आणि डॅमेजला पूर्ण स्ट्रेंथ, म्हणजे दोन्ही लागतात. रेंज टप्प्याटप्प्याने, जॅव्हलिनचा टप्पा ३० फूट, पुढच्या प्रत्येक टप्प्याला -२, सहा टप्प्यांपर्यंत. हत्यार काढायला तीनपैकी एक ॲक्शन जाते, म्हणून फेकणारे क्विक ड्रॉ (पटकन काढायचं कौशल्य) नाहीतर रिटर्निंग रून (हत्यार परत आणणारी जादूची खूण) घेतात, रून तिसऱ्या लेव्हलचा, ५५ सोन्याची नाणी.

१९. मग अख्खं कॅरेक्टरच फेकण्यावर बांधू का?

२०१४ मध्ये टाशाची स्टाइल मिळत नसेल तर नको, पाचव्या लेव्हलनंतर रडाल. स्टाइल मिळत असेल किंवा २०२४ खेळत असाल तर खुशाल बांधा. जॅव्हलिनला 'स्लो' मास्टरी आहे, लागली की समोरच्याचा स्पीड १० फूट कमी, स्पिअरला 'सॅप' (समोरच्याच्या पुढच्या अटॅकला डिसॲडव्हांटेज), ट्रायडंटला 'टॉपल' (समोरच्याला पाडणं). ढाल लावून, दोन अटॅकला दोन फेकून, शत्रू पोचला की त्याच हत्याराने भोसकत राहायचं, असा फायटर आमच्याकडे आठव्या लेव्हलपर्यंत आलाय आणि मजेत आहे. धनुष्यवाल्या रेंजरपेक्षा डॅमेज त्याचा कमी पडतो, ते तो मान्य करत नाही.

बाकीच्यांनी, म्हणजे स्ट्रेंथवाल्या प्रत्येकाने, बांधू नका पण चार-पाच जॅव्हलिन पाठीला ठेवा. अडीच सोन्याची नाणी आणि १० पाउंड.

२०. चुकलेला भाला शत्रूने उचलून माझ्यावरच फेकला तर?

फेकू शकतो, नियम अडवत नाही. २०१४ च्या ऑर्कची स्ट्रेंथ १६ च असते, अटॅक +५, डॅमेज डी६+३, म्हणजे प्रश्न ४ मधला तुमचाच हिशोब उलटा फिरून येतो. माझ्याकडे एका ऑर्कने फायटरच्या तीन जॅव्हलिन अशा परत केल्या. तेव्हापासून तो प्रत्येक भाल्यावर आपलं नाव कोरतो. ऑर्कला वाचता येत नाही हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.